जुनी स्कायडायव्हिंग रिग घ्यावी का, आणि ती कोणाकडून तपासून घ्यावी?

अमळनेरकर_जळगाव यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळचा अमळनेरचा असून नोकरीनिमित्त जळगावात राहतो. गेल्या हिवाळ्यात परदेशातील एका ड्रॉप झोनवर (उड्या मारण्याच्या केंद्रावर) स्कायडायव्हिंगचे शिक्षण पूर्ण करून मी अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनचा, म्हणजे यूएसपीएचा, 'ए' परवाना मिळवला. पुढच्या उड्या भाड्याच्या रिगवर, म्हणजे पाठीवर बांधायच्या पॅराशूटच्या पूर्ण संचावर, माराव्यात की स्वतःची रिग घ्यावी, या विचारात असतानाच ओळखीतल्या एका गृहस्थांनी आपली जुनी रिग मला देऊ केली आहे. हार्नेस (अंगावर बांधायचे पट्टे) आणि कंटेनर (पॅराशूट ठेवायची पिशवी) २००९ सालचे आहेत, मेन कॅनपी, म्हणजे मुख्य पॅराशूटचे छत, १५० चौरस फुटांची व रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, १४३ चौरस फुटांची आहे, आणि सोबत एएडी, म्हणजे गरज पडल्यास रिझर्व्ह आपोआप उघडणारे उपकरण, हेही आहे. नव्या रिगच्या मानाने किंमत फारच कमी आहे. माझे वजन ७४ किलो आहे.

मला दोन गोष्टी खटकतात. उजव्या पायाच्या पट्ट्यावर, बकलाच्या जवळ, शिवणीचे काही टाके उसवलेले दिसतात. विकणाऱ्यांचे म्हणणे असे की जाड कापड शिवणारा कोणताही चांगला कारागीर ते तासाभरात शिवून देईल. दुसरे म्हणजे रिझर्व्हची शेवटची पॅकिंग होऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, पण ती त्यानंतर कधी वापरलीच नसल्यामुळे चांगलीच असणार, असे ते सांगतात. खानदेशात मला कोणी रिगर, म्हणजे पॅराशूट पॅक आणि दुरुस्त करणारा प्रमाणित तंत्रज्ञ, माहीत नाही. इंटरनेटवरील व्हिडिओ पाहिले तर एक जण एक सांगतो आणि दुसरा त्याच्या नेमके उलट. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे: काय तपासावे, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा?

गिरणाकाठ यांचे उत्तर

नमस्कार. मी चाळीसगावची, आता पुण्यात असते आणि बऱ्याच वर्षांपासून या खेळात आहे. तुम्ही पैसे देण्याआधी विचारले, याचे मला मनापासून समाधान वाटले.

उसवलेल्या टाक्यांकडे नंतर येऊ, कारण ही रिग तुमच्यासाठी त्याआधीच बाद ठरते. तुमचे वजन ७४ किलो, त्यात कपडे, हेल्मेट आणि रिगचे साधारण ११ किलो धरले, तर विमानातून बाहेर पडताना तुम्ही ८५ किलोचे, म्हणजे सुमारे १८७ पौंडांचे असाल. हा भार १५० चौरस फुटांवर विभागला तर दर चौरस फुटाला १.२५ पौंड येतो. यालाच विंग लोडिंग म्हणतात. नुकताच 'ए' परवाना मिळालेल्या माणसासाठी हा आकडा १.० च्या आसपास किंवा त्याहून कमी असावा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. त्या हिशेबाने तुम्हाला १९० चौरस फूट किंवा त्याहून मोठी मेन हवी. भार जास्त असला की कॅनपी वेगाने पुढे जाते, वळताना अधिक उंची गमावते, आणि जमिनीजवळ घाबरून ओढलेल्या एका टॉगलची (कॅनपी वळवायच्या मुठीची) शिक्षा फार मोठी असते. या खेळातील अनेक गंभीर अपघात पूर्ण उघडलेल्या, उत्तम स्थितीतल्या कॅनपीखाली झाले आहेत, ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. रिझर्व्हचेही तेच. १४३ चौरस फुटांवर तुमचा भार १.३ च्या वर जातो, आणि रिझर्व्हखाली माणूस अनेकदा अनोळखी जागी, कमी उंचीवर आणि घाबरलेल्या मनाने उतरत असतो.

आता रिझर्व्हच्या पॅकिंगविषयी. अमेरिकेच्या एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, नियमानुसार नायलॉनचे रिझर्व्ह उडीच्या आधीच्या १८० दिवसांत प्रमाणित रिगरने पॅक केलेले असावे लागते. २००८ च्या डिसेंबरपर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. इतर देशांच्या मुदती वेगळ्या आहेत, त्यामुळे जिथे उडी मारायची तिथला नियम पाहावा. पण दोन वर्षे न उघडलेले रिझर्व्ह कोणतीही शहाणी ड्रॉप झोन विमानात चढू देणार नाही. मेनची घडी आपण स्वतः घालतो, रिझर्व्हची मात्र नाही, आणि या फरकामागे कारण आहे. पॅकिंगच्या वेळी रिगर केवळ कापड दुमडत नाही. तो प्रत्येक पॅनेल उजेडात धरून पाहतो, दोऱ्या व त्यांच्या जोडण्या तपासतो, क्लोजिंग लूप (कंटेनर बंद ठेवणारा दोऱ्याचा फास) बदलतो, रिपकॉर्डची (रिझर्व्ह उघडायला ओढायच्या दोरीची) पिन वाकलेली नाही ना हे बघतो, आणि शेवटी पिनेवर दोरा बांधून त्यावर स्वतःचे चिन्ह असलेली शिशाची मोहोर लावतो. सोबतच्या पॅकिंग कार्डावर तारीख, जागा, सही आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. ते कार्ड मागवा. कार्ड नसेल, मोहोर तुटलेली असेल किंवा मोहोरेवरचे चिन्ह कार्डावरच्या चिन्हाशी जुळत नसेल, तर त्या रिझर्व्हविषयी तुम्हाला काहीच माहिती नाही असे समजा. परफॉर्मन्स डिझाइन्ससारख्या कंपनीच्या रिझर्व्हवर छापील चौकटी असतात. प्रत्येक पॅकिंगला आणि प्रत्येक वापराला रिगर त्यात खूण करतो, आणि ४० पॅकिंग किंवा २५ वापर झाले की ते कारखान्यात तपासणीला पाठवायचे असते.

एएडीवर निर्मितीची तारीख पाहा. जर्मनीच्या एअरटेकने १९९१ मध्ये सायप्रेस हे एएडी बाजारात आणले. त्याचा अनुभवी उडीपटूंसाठीचा प्रकार माणूस सुमारे ७५० फूट उंचीवर अजूनही ताशी १२५ किलोमीटरहून अधिक वेगाने पडत असेल, तर रिझर्व्हचा क्लोजिंग लूप स्वतः कापतो. अशा उपकरणाचे आयुष्य निर्माता ठरवतो आणि ते निर्मितीच्या तारखेपासून मोजले जाते. कपाटात पडून राहिले म्हणून ते वाढत नाही. २००९ च्या रिगमधले मूळ एएडी असेल, तर बहुधा त्याची मुदत संपलेली आहे.

विश्वास कोणावर ठेवावा, हा तुमचा खरा प्रश्न आहे. माझी कसोटी अशी की जो आपल्या मताखाली सही करतो आणि चूक झाली तर ज्याचे प्रमाणपत्र पणाला लागते, त्याचे ऐकावे. एफएएच्या पद्धतीत सीनियर रिगर होण्यासाठी आपल्या प्रकारची किमान २० पॅराशूट देखरेखीखाली पॅक करून लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, आणि तरीही त्याला किरकोळ दुरुस्तीचाच अधिकार असतो. मोठ्या दुरुस्त्या मास्टर रिगरकडे जातात. वाचायचे असेल तर तुमच्या रिगच्या नेमक्या मॉडेलची निर्मात्याची पुस्तिका आधी वाचा. मग एफएएचे पॅराशूट रिगर हँडबुक आणि यूएसपीएचे स्कायडायव्हर्स इन्फर्मेशन मॅन्युअल वाचा. हे दोन्ही ग्रंथ इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. निर्मात्यांच्या सर्व्हिस बुलेटिनही अवश्य पाहा, कारण एखाद्या तुकडीतला दोष आधी तिथेच जाहीर होतो. मी इथे लिहिले आहे त्याचा उपयोग रिगरला योग्य प्रश्न विचारण्यापुरताच करा. मी रिगर नाही.

शिवणकाम_धुळे यांचे उत्तर

स्कायडायव्हिंगमधले मला काही कळत नाही, पण धुळ्यात आमचा ताडपत्री, ट्रकचे हूड आणि जाड पट्ट्यांच्या शिवणकामाचा व्यवसाय वडिलांपासून चालत आला आहे, म्हणून शिवणीपुरते लिहितो. अमळनेरकर, असा पट्टा घेऊन तुम्ही आमच्या दुकानात आलात, तर मी काम घेणार नाही, आणि इतर कोणी घेतले तरी तुम्ही देऊ नये.

पट्ट्याची शिवण बाहेरून सारखीच दिसते, पण भार पेलणारी शिवण ही दोरा, सुईची जाडी, दर इंचाचे टाके, टाक्यांची नक्षी आणि दोऱ्याचा ताण या सगळ्यांचा हिशेब असते. टाके कमी पडले तर जोड सुटतो. जास्त पडले तर सुईच्या भोकांनी पट्टाच कापला जातो, आणि कागदावरची तिकिटे फाडायला जशी भोके पाडलेली असतात तसा तो त्या रेषेवर फाटतो. शिवाय जुनी शिवण उसवून तिथेच पुन्हा शिवली की पहिल्या भोकांच्या शेजारी नवी भोके पडतात. बाजारात मिळणारा दोरा नायलॉनचा आहे की पॉलिएस्टरचा, हे दुकानदारालाही पुष्कळदा सांगता येत नाही. हुडाची शिवण उसवली तर माल भिजतो आणि गिऱ्हाईक आम्हाला बोलते. इथे तसे नाही.

आणखी एक सांगतो. टाके आपोआप उसवत नाहीत. ते घासून तुटले आहेत, उन्हाने कुजले आहेत, कशाने कापले गेले आहेत की एखाद्या वेळी मोठा झटका बसला आहे, हे समजल्याशिवाय ते पुन्हा शिवणे म्हणजे कारण झाकून टाकणे होय. विकणाऱ्यांना आधी हे विचारा.

भुसावळचे_आबा यांचे उत्तर

शिवणकाम_धुळे यांनी फार मोलाचे लिहिले आहे. हार्नेसवरील भार पेलणाऱ्या शिवणीची दुरुस्ती मास्टर रिगरने किंवा निर्मात्यानेच करावी.

मी हवाई दलात पॅराशूट विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर भुसावळला स्थायिक झालो. माझ्याकडे अधूनमधून तरुण येतात आणि म्हणतात, आबा, एकदा बघून द्या. मी नकार देतो, आणि त्यात तुटकपणा नसतो. सैन्याचे प्रत्येक पॅराशूट त्याच्या स्वतःच्या तांत्रिक पुस्तिकेप्रमाणे, नेमून दिलेल्या तपासनिसासमोर आणि नोंदवहीत नोंद करून हाताळले जाते. त्या शिस्तीतले माझे ज्ञान तुमच्या खेळाच्या रिगला लागू पडेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. या खेळातील चौकोनी रॅम-एअर (हवा भरून फुगणारी) कॅनपी, मेन सोडून देणारी तीन कड्यांची रिलीज यंत्रणा आणि रिझर्व्हचे कंटेनर ही वेगळी विद्या आहे. त्यामुळे सैन्यात होतो एवढ्या ओळखीवर कोणी तुमची रिग पास करत असेल, तर त्यालाही तुम्ही नम्रपणे नाही म्हणावे.

एक गोष्ट मात्र सगळ्या नायलॉनला सारखीच लागू पडते: डोळ्यांना चांगले दिसणारे कापड कमकुवत असू शकते. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही गोल रिझर्व्ह पॅराशूटांमधल्या जाळीच्या कापडात आम्लता राहिली होती आणि तिच्या स्पर्शाने शेजारचे नायलॉन खराब होत गेले. ते पाहून ओळखता येत नव्हते. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या द्रावणाच्या रंगावरून आम्लता शोधावी लागे आणि कापड चिमट्यांत धरून ठरावीक ताण देऊन पाहावा लागे. 'कधी वापरलेच नाही, म्हणून चांगले असणार' हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. दोन वर्षे ते कुठे आणि कशाशेजारी पडले होते, हे विचारा.

आपल्या भागात तर हे अधिकच विचारावे. घरोघरी इन्व्हर्टर आहेत आणि त्यांच्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते. शेतकऱ्याच्या खोलीत खताच्या गोण्या आणि फवारणीचे पंप असतात. माळ्यावर उंदीर असतात. यांतल्या कशाच्याही जवळ रिग ठेवू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद मोटारीच्या डिकीत किती उष्णता होते हे सांगायला नको; दोऱ्यांच्या गुंडाळ्या धरणारे रबर बँड त्यात चिकट होऊन तुटतात, आणि सायप्रेसची कामाची तापमानमर्यादाच ६३ अंश आहे. ऊन लागू नये, ओल नसावी, आणि काळ्या मातीची बारीक धूळ बसू नये, कारण तिचे कण दोऱ्यांना आणि पट्ट्यांना आतून घासतात. रिग विकत घेतलीत तर तीन कड्यांची जोडणी दरमहा सोडवून पट्टे हाताने मळावेत आणि केबल पुसून घ्यावी. पद्धत निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि पहिल्यांदा ती रिगरच्या समोर करावी.

अमळनेरकर_जळगाव

आपणा सर्वांचे, विशेषतः आबांचे, मनःपूर्वक आभार. मेन आणि रिझर्व्ह दोन्ही माझ्यासाठी लहान आहेत, हे स्पष्ट झाले. आता शंका एवढीच आहे की केवळ हार्नेस-कंटेनर घेऊन, मास्टर रिगरकडून पट्टा दुरुस्त करून, त्यात मोठ्या कॅनपी बसवणे शक्य आहे का? विकणारे गृहस्थ त्यासाठी किंमत आणखी कमी करायला तयार आहेत.

गिरणाकाठ

सहसा नाही. कंटेनर ठरावीक आकारमानाच्या कॅनपीसाठी बेतलेला असतो. त्यात मोठे रिझर्व्ह कोंबले तर क्लोजिंग लूपवर नको इतका ताण येतो आणि उघडायला उशीर होऊ शकतो, आणि लहान रिझर्व्ह घातले तर पिनेवरचा ताणच जातो. निर्मात्याकडे प्रत्येक मॉडेलचा तक्ता असतो. त्यांना अनुक्रमांक कळवून कोणत्या कॅनपी चालतात हे लेखी विचारा. हार्नेसही पहिल्या मालकाच्या मापाने शिवलेला असतो, त्यामुळे तो तुमच्या खांद्यांना आणि मांड्यांना बसतो का हे अंगावर घालूनच कळेल.

माझा सल्ला असा की तूर्त भाड्याच्या रिगवर उड्या माराव्यात आणि पुढच्या वेळी जिथे जाल, तिथल्या रिगरला आधीच पत्र लिहून तासभर वेळ मागून घ्यावा. रिझर्व्हची पॅकिंग चालू असताना शेजारी उभे राहून पाहू द्याल का, असे विचारा. बहुतेक रिगर आनंदाने होकार देतात. या गृहस्थांचा सौदा तोपर्यंत टिकला, तर त्यांच्याकडून कंटेनर, रिझर्व्ह आणि एएडी या तिन्हींचे मॉडेल, अनुक्रमांक व निर्मितीची तारीख, पॅकिंग कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि उसवलेल्या शिवणीचे जवळून घेतलेले छायाचित्र मागवून ते सगळे त्याच रिगरपुढे ठेवा.