अंतराळवीरांच्या कर्करोगाचा ३ टक्के धोका नेमका कशावरून काढतात?

रामबागकर, इंदूर
शुभांशु शुक्ला २०२५ साली अंतराळ स्थानकावर १८ दिवस राहून आल्यापासून आमच्या सकाळच्या कट्ट्यावर हा विषय अधूनमधून निघतो. नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी किरणोत्सर्गाच्या मात्रेची ६०० मिलिसिव्हर्ट इतकी मर्यादा घातली असून, किरणोत्सर्गामुळे कर्करोग होऊन मृत्यू येण्याचा ३ टक्के धोका तिच्या मुळाशी धरला आहे, असे वाचले. आजवर अंतराळात गेलेली माणसे जेमतेम सहा-सातशे. निवृत्त गणितशिक्षक या नात्याने विचारतो, एवढ्याशा नमुन्यात ३ टक्क्यांचा फरक दिसेल कसा?

बॅजवाली
सर, तो दिसत नाहीच, कारण आकडा मुळात अंतराळवीरांवरून काढलेला नाही. त्याचा मुख्य पाया हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या माणसांच्या, १९५० पासून चालू असलेल्या पाहणीचा आहे. त्यांना मात्रा एका क्षणात मिळाली, तर अंतराळात ती महिनोन्‌महिने थोडी थोडी मिळते, म्हणून धोका काहीसा कमी धरतात; अंतराळातल्या किरणोत्सर्गातली जड अणुकेंद्रके गॅमा किरणांपेक्षा अधिक घातक असल्यामुळे तो पुन्हा गुणून वाढवतात; शेवटी वय आणि लिंगाप्रमाणे आयुर्मानाच्या कोष्टकात बसवतात. मी इथेच किरणोपचार विभागात काम करते. अंगावर पडलेली मात्रा नोंदवणारा माझा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. आम्हाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. स्थानकावर तेवढी मात्रा महिना-सव्वा महिन्यात भरते.

माळव्यातला
ताईंनी मांडलेली साखळी बरोबर आहे, पण तिची सर्वांत कच्ची कडी त्या गुणकाची आहे. लोहाचे वेगवान अणुकेंद्रक पेशीतून जाताना डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांच्या जवळच तोडत जाते, आणि अशा माऱ्याखाली आलेला मोठा मानवी समूह कुठेच नसल्यामुळे भिस्त अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत उंदरांवर आणि पेशींवर होणाऱ्या प्रयोगांवर ठेवावी लागते. शिवाय पूर्वी हे ३ टक्के अंदाजाच्या वरच्या टोकाला, म्हणजे खरा धोका ज्याच्या आत असल्याची ९५ टक्के खात्री धरतात त्या विश्वासमर्यादेला लावत असत. २०२२ पासून ते ३५ वर्षांच्या स्त्रीसाठी काढलेल्या सरासरी अंदाजाला लावतात आणि तीच मर्यादा सर्वांना लागू होते. आकडा तोच राहिला, अर्थ मात्र बराच सैल झाला, असे माझे मत आहे. मंगळाकडे जाताना नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरवरील उपकरणाने दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट मोजले. जाण्यायेण्याचे ३६० दिवस धरले, तर केवळ प्रवासातच मर्यादा ओलांडली जाते. यानाची भिंत जाड करावी म्हटले, तर ॲल्युमिनियमवर आदळून केंद्रके फुटतात आणि न्यूट्रॉनांचा नवाच ताप सुरू होतो. त्या मानाने हायड्रोजन भरपूर असलेले पॉलिथिलीन बरे.

रामबागकर, इंदूर
सरासरी आणि वरचे टोक यांतला फरक उद्या कट्ट्यावर फळा मांडूनच समजावून सांगावा लागेल. मग शुक्लांच्या १८ दिवसांचा हिशेब काय निघतो?

बॅजवाली
रोज अर्धा ते पाऊण मिलिसिव्हर्ट धरला, तर नऊ ते तेरा, म्हणजे पोटाच्या एका सीटी स्कॅनच्या आसपास. एका सिव्हर्टला ५ टक्के हा ढोबळ दर लावल्यास कर्करोगाने मृत्यूचा वाढीव धोका साधारण दोन हजारांत एक इतका येतो. गुणकाबद्दलची वरची शंका याही आकड्याला लागू आहे, एवढे फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा.