मदत हवी आहे : कोड पुसूनही परत लागणारा इंजिनचा दिवा

माझ्या नऊ वर्षे जुन्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसल्यावर विझतो आणि तीन-चार दिवसांत पुन्हा लागतो. कोड दरवेळी पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एअर फिल्टर नवा आहे. गाडी जागेवर चालू असताना फ्युएल ट्रिम (मिश्रण ठीक ठेवण्यासाठी गाडीचा संगणक पेट्रोलमध्ये करतो ती वाढ-घट) अधिक १९ टक्के दिसतो, पण २,५०० आरपीएमला तो ६ टक्क्यांवर उतरतो. पेट्रोल पंप कमजोर असता तर आरपीएम वाढल्यावर हा आकडा वाढला असता, म्हणून माझा संशय हवेच्या गळतीवर आहे. पीसीव्हीच्या (इंजिनच्या आतले वायू परत हवेच्या वाटेत सोडणाऱ्या झडपेच्या) रबरी नळीला वाकाजवळ नखाएवढी भेग दिसते, मात्र ती आरपार आहे का, हे कळत नाही. गळती शोधायला गरम इंजिनवर ज्वलनशील स्प्रे मारतात, पण मला त्याची भीती वाटते. गळती घरच्या घरी सुरक्षितपणे कशी शोधावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.