मदत हवी आहे: खारफुटीवरच्या कवितांसाठी संपादक

नमस्कार मंडळी. माझी मावशी वनस्पतिशास्त्रज्ञ, राहायला मुलुंडला. ठाणे खाडीतल्या खारफुटीचा अभ्यास करता करता ती कविताही लिहीत आली. तिवराच्या पानावर सुकून बसलेलं मीठ, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, ओहोटीला उघडा पडणारा काठ, हे सगळं चिंतनाच्या अंगाने येतं. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हाची कविता तर मला फारच आवडते.

आता संग्रह काढायचाय. कविता आणि शास्त्र दोन्ही कळणारं, स्पष्ट बोलणारं संपादक कुणी ओळखीत आहे का? मुंबईतलं असेल तर उत्तम, मावशीला समोरासमोर बसून बोलायला आवडतं. शिवाय, कवितेखाली झाडाचं शास्त्रीय नाव द्यावं का? ती नको म्हणते. मला वाटतं द्यावं, वाचणारा निदान ते झाड शोधायला तरी जाईल. तुमचं मत सांगा.