२७ फुटी जुनी परफॉर्मन्स क्रूझर घेतोय, इंजिन बदलायचा विचार आहे, सल्ला द्या

सातरस्ता:
नमस्कार मंडळी. केबिनवाली २७ फुटी परफॉर्मन्स क्रूझर (वेगात पळणारी बोट) बघून ठेवलीय, १९९८ची अमेरिकन बनावट, आत एकच ७.४ लिटरचं मर्क्रूझर पेट्रोल इंजिन ३१० हॉर्सपॉवरचं, मागे ब्राव्हो वन ड्राइव्ह (इंजिनची ताकद प्रॉपला देणारा, बोटीमागे पाण्यात असलेला भाग). पावसाळा सोडून बोट गेटवेसमोर मुरिंगवरच (पाण्यातल्या बोयाला बांधलेली) असते. मालक म्हणतात मशीन ओके आहे, फुल थ्रॉटलला ३५ नॉट जाते. आम्हाला शनिवारी मांडव्याला जाऊन रात्री केबिनमध्येच झोपायचंय, मुलं पण असतील. माझा प्लॅन असा की किंमत जरा पाडून घ्यायची आणि वाचलेल्या पैशात ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन, स्टीलचा प्रॉप (पाण्यातला पंखा) आणि नवीन ट्रिम टॅब (मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) टाकायचे. कोणी केलंय का असं? आणि बघायला जाताना काय तपासू?

करंज्याचा_फिटर:
भाऊ आधी एकच विचार मालकांना, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर (इंजिनचा धूर बाहेर नेणारे ओतीव भाग) शेवटचे कधी बदलले आणि त्याचं बिल आहे का. ही इंजिनं बहुतेक वेळा थेट समुद्राच्या पाण्यानेच थंड होतात, खाऱ्या पाण्यात ते ओतीव लोखंड आतून गंजत जातं, बाहेरून रंग मारलेला असतो म्हणून काही कळत नाही आणि पाच-सहा वर्षांत ते बदलायलाच लागतात. गळायला लागले की पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं आणि सेल्फ मारला की इंजिन जागच्या जागी लॉक, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून रायझर खोलून बघायचे आणि आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजायचं, आकडे एकमेकांच्या जवळ पाहिजेत, एक जरी फार खाली असला तर थांबा.

ड्राइव्हचं ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. बेलोज (ड्राइव्हचे घडीचे रबरी पाइप) हाताने दाबून बघा, घडीत चिरा असतील तर लगेच बदला, यू-जॉइंटचा बेलो फाटला की आधी गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टचं बेअरिंग) जातं आणि मुरिंगवर रात्री कोणी बघायला नसताना बोटीत पाणी भरतं. ट्रान्समला (बोटीच्या मागच्या भिंतीला) आत प्लायवुड असतं, ड्राइव्हच्या आजूबाजूला प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा, आवाज टणक यायला पाहिजे, बद्द आला तर आत कुजलंय. आणि एक गोष्ट आपल्याकडे फार होते, बुडाचा तांब्याचा अँटीफाउलिंग पेंट (समुद्रातले जीव चिकटू न देणारा) उरला की तोच ड्राइव्हला फासतात, ड्राइव्ह ॲल्युमिनियमची असते, तांब्याने ती खाऊन जाते. ॲनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) पण बघा.

रेवस_राजपुरी:
फिटरभाऊंना पूर्ण अनुमोदन. आता तुमच्या ४०० हॉर्सपॉवरचा हिशोब करू. प्लेनिंग (वेगात पाण्यावर उचलून घसरणाऱ्या) बोटीचा वेग ढोबळमानाने पॉवर आणि वजनाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो, क्राऊचचा फॉर्म्युला म्हणतात त्याला. ४०० भागिले ३१० म्हणजे १.२९, त्याचं वर्गमूळ १.१४ च्या आसपास, म्हणजे ३५चे ४० नॉट. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत साधारण आठ नॉटिकल मैल धरा, पावणेचौदा मिनिटांची बारा मिनिटं होतील. तेही समुद्र सपाट असेल तर. दुपारी वायव्येचा वारा धरला की छोट्या लाटा उठतात, तेव्हा मुलं केबिनमध्ये असताना २५ च्या वर कोणी चालवत नाही आणि चालवू पण नये. शिवाय जास्त पॉवरचा ताण ड्राइव्हच्या गिअरवर येतो तो वेगळाच. ट्रिम टॅबचे पैसे मात्र नक्की घाला, लाटेत नाक खाली धरायला त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही.

मीनल_कुलाबा:
पेट्रोलबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि मर्क्रूझरची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथून इंजिन ओढतं तिथे. १९९८चे रबरी फ्युएल होज अजून तेच असतील तर आधी ते सगळे बदला, पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा लावा आणि पावसाळ्यात जुनं पेट्रोल टाकीत पडू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या तळाशी) साचते, म्हणून सुरू करण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवायचाच. स्टार्टर किंवा अल्टरनेटर गाडीचा बसत असला तरी लावू नका, मरीनचे भाग ठिणगी बाहेर पडू देत नाहीत. तुम्ही रात्री आत झोपणार आहात तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवशी लावा, मुलं आहेत हो.

आणि कागद. मेरीटाइम बोर्डाचं रजिस्ट्रेशन, सर्व्हे आणि आयात केल्याची बिल ऑफ एंट्री, तिन्ही बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

सातरस्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांशी बोललो, रायझर कधी बदलले त्यांना आठवत नाही, बिल पण नाही. फुल थ्रॉटलला ४१०० आरपीएम मिळतात म्हणाले, हे बरोबर आहे का? इंजिन बदलायचं सध्या डोक्यातून काढलंय.

करंज्याचा_फिटर:
मग मॅनिफोल्ड, रायझर, बेलोज, गिंबल बेअरिंग, होज एवढा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. ४१०० कमी वाटतात, मॅन्युअलमधली रेंज बघून घ्या. पण प्रॉप लगेच विकत घेऊ नका. मुरिंगवरच्या बोटीचं बूड बार्नॅकलनी (चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या जीवांनी) भरलेलं असतं, त्यानेच आरपीएम पडतात. भरतीला वर काढून बूड आणि प्रॉप साफ करून परत पळवा, स्पीड जीपीएसवर घ्या. तरी कमी पडले आणि कॉम्प्रेशन चांगलं असेल तर दोन इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात प्रॉप जितकं पुढे सरकेल ते अंतर) प्रॉप लावा, इंचाला साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. तिथेच तुम्हाला बोट उठताना फरक कळेल.

ट्रायलला इंजिन थंड पाहिजे, आधी गरम करून ठेवू नका असं मालकांना सांगून ठेवा. आणि पळवायची ती प्रवासी फेरीबोटींच्या वाटेवर अजिबात नाही. १८ डिसेंबर २०२४ ला नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळलेली नौदलाची बोट इंजिन ट्रायलवरच होती. सकाळी लवकर वारा नसताना, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, मोकळं पाणी बघून आणि कोळ्यांच्या डोल जाळ्यांपासून लांब. तारीख ठरली की कळवा, येतो मी मीटर घेऊन.