माप नमुन्याचं नाही, कापण्याआधीचं

वैद्यकीय बिलिंगबद्दल प्रश्न आलाय की नाकावरची ०.८ सेंमीची बेसल सेल गाठ (त्वचेचा एक कर्करोग) काढली, तर बिलात ११६४१ हा कोड लावायचा का. फक्त गाठीचं माप धरलं तर तसं वाटतं, पण अमेरिकेच्या सीपीटीमध्ये (उपचारांच्या बिलिंग कोडची यादी) गाठीच्या सर्वांत मोठ्या व्यासात दोन्ही बाजूंची गरजेपुरती मार्जिन (गाठीसोबत कापलेली कडेची निरोगी त्वचा) मिळवायची असते. प्रत्येक बाजूला ०.४ सेंमी सोडली असेल तर ०.८ + ०.४ + ०.४ = १.६ सेंमी, म्हणजे कोड ११६४२.

खरी अडचण पुढेच आहे. शस्त्रक्रियेच्या नोंदीत माप नसलं की लोक सरळ पॅथॉलॉजी रिपोर्टमधला आकडा उचलतात. नमुना कापल्यावर आणि फॉर्मॅलिनमध्ये आकसतो, त्यामुळे कोड एक पायरी खाली घसरतो. सर्जनने कापण्याआधी मोजून लिहायला हवं, आणि ते लिहून घेण्यासाठी मागे लागावं लागतं (दरवेळी!).

निदानाच्या कोडसाठी मात्र पॅथॉलॉजीची वाट बघाच. ‘चेहऱ्यावरची गाठ’ एवढीच नोंद पुरत नाही. नाकाच्या त्वचेवरचा बेसल सेल सी४४.३११, स्क्वेमस सेल (त्वचेचा दुसरा एक कर्करोग) सी४४.३२१. पापणी, कान आणि ओठाची त्वचा यांचे गट वेगळे; मेलानोमा तर सी४३ मध्ये. आणि रिपोर्ट आला नाही म्हणून डी४८.५ टाकू नका. तो ‘अजून कळलं नाही’साठी नाही, पॅथॉलॉजिस्टने तपासून स्वतः गाठीचं ‘वर्तन अनिश्चित’ (कर्करोगाची आहे की नाही हे ठरत नाही) म्हटलं असेल तेव्हाचा आहे.

साधे टाके एक्सिजनमध्येच (गाठ कापून काढण्याच्या कोडमध्ये) धरलेले असतात. जागा भरायला शेजारच्या त्वचेचा फ्लॅप फिरवला असेल, तर १४०६० या फ्लॅपच्या कोडच्या गटात एक्सिजन आपोआप येतं, वेगळं बिल करायचं नाही.