मदत हवी आहे: कानाचे इंग्रजी वाक्प्रचार ग्रीकमध्ये

ग्रीक येणाऱ्यांची मदत हवी आहे. कानावरच्या इंग्रजी वाक्प्रचारांची सचित्र पुस्तिका ग्रीकमध्ये करतोय. भाषा आजची, बोलीतली हवी, प्राचीन नको. प्रत्येक पानावर कानाचं चित्र काढून झालंय, त्यामुळे ग्रीकमध्येही कान म्हणजे 'आफ्ती' आला तर उत्तम.

'आय ॲम ऑल इअर्स' (म्हणजे मन लावून ऐकतोय) सहज बसलं: 'ईमे ओलोस आफ्त्या'. भिंतीला कान तर तिथेही आहेतच, आपल्यासारखेच! या कानाने ऐकून त्या कानाने सोडणंही मिळालं.

'प्ले इट बाय इअर' मात्र अडलंय. शब्दशः केलं तर फक्त वाद्य कानाने वाजवणं एवढाच अर्थ उरतो. 'व्लेपोन्दास के कानोन्दास', म्हणजे बघत बघत करत जाणं, अर्थाला चपखल आहे, पण कान गेला. 'वेट बिहाइंड द इअर्स' (शब्दशः कानामागे अजून ओला, म्हणजे नवखा) यासाठी 'आवगाल्तोस', म्हणजे अननुभवी, हा शब्द सापडला, तिथेही तेच. शब्दकोश पाहून झालेत, यंत्रानुवाद कानामागचं पाणी तसंच ठेवतो.

नवख्या, अननुभवी माणसासाठी कान असलेला एखादा ग्रीक वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात आहे का? आणि 'देन इद्रोनी तो आफ्ती तू' (त्याच्या कानाला घामही फुटत नाही, म्हणजे ढिम्म हलत नाही) हे मुलांच्या पुस्तकात चालेल, की उद्धट वाटेल?