होस्टेलची पोरं वेळेला मला हाक मारतील यासाठी काय करू? (रेक्टर आहे, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, वाचतोय बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदाच, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तालुक्याच्या गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि लग्न झालेलं नाही एवढ्या एकाच पात्रतेवर मुलांच्या होस्टेलचा रेक्टरपण आहे. त्यात यंदा व्यसनमुक्ती समिती गळ्यात मारलीय. समिती म्हणजे काय, तर २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, रॅली, शपथ, पोस्टर स्पर्धा आणि फोटो चिकटवून अहवाल. गेल्या वर्षी पोस्टरला पहिलं बक्षीस घेतलेल्या कलाकाराच्या कपाटात मला गोगो पेपर (गांजाची सिगारेट वळायचे कागद) सापडले, आता बोला.

तर मागच्या महिन्यात फ्रेशर्स पार्टीच्या रात्री पावणेदोनला राउंड मारत होतो, दुसऱ्या मजल्यावर एका खोलीला बाहेरून कडी आणि आत पंखा चालू. कडी काढली तर पहिल्या वर्षाचा पोरगा उताणा पडलेला, उशी ओकारीने भरलेली, शेजारी स्टीलच्या तांब्यात लिंबूपाणी आणि पिळलेल्या लिंबाच्या चार फोडी. हाका मारल्या, हलवलं, हूं नाही की चूं नाही, हात गार आणि घशात घरघर. कुशीवर वळवला, तोंड पुसलं आणि मेसवाल्यांच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेला. वाचला. डॉक्टर म्हणाले, "तसाच उताणा राहिला असता तर ओकारी श्वासनलिकेत गेली असती, मग माझ्याकडे आणून उपयोग नव्हता."

रूममेट तिघं. रडत म्हणाले, "सर, झोपला की उतरेल असं वाटलं, आणि तुम्हाला सांगितलं असतं तर डायरेक्ट रस्टिकेट." माझी खोली त्याच जिन्याच्या तळाशी आहे हो. दोन जिने उतरून यायचं होतं फक्त.

आणि पोरांचा अंदाज बरोबरच निघाला. चौघांना पंधरा दिवस सस्पेंड, पालकांना बोलावणं, हमीपत्र. कडी लावणारा आणि लिंबू पिळत बसलेला, दोघांना शिक्षा सारखीच. तेव्हापासून होस्टेलच्या कचऱ्यात एक क्वार्टर दिसत नाही, सगळे खूश. मला माहितेय पोरं आता कालव्यावर बसतात आणि रात्री ट्रिपल सीट परत येतात.

महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, ही पोरं अठराची, त्यामुळे चूक ती चूकच, मी पिण्याला सूट मागत नाहीये. मला एवढंच हवंय की जो मदत मागेल आणि ज्याच्यासाठी मागेल त्या दोघांवर पहिल्या वेळेला कारवाई नको, समुपदेशकाकडे मात्र जावंच लागेल. कुणाच्या कॉलेजात असं काही चालतं का? मॅनेजमेंटच्या गळी कसं उतरवू?

अजून एक, तिसऱ्या मजल्यावरचा एक जण दोन-दोन रात्री झोपत नाही, सारखे दात खातो, वाळलाय, लॅपटॉपही विकला. एमडीचा (मेफेड्रोन, झोप उडवणारा अमली पदार्थ) संशय आहे. बोललो तर पोलीस केस होईल म्हणून गप्प आहे, पण हे गप्प बसणंही बरोबर वाटत नाही.

रोखठोक: म्हणजे बिनधास्त प्या आणि सरांना फोन करा, असंच ना?

रात्रपाळीची सिस्टर: रोखठोक दादा, कॅज्युअल्टीत एक रात्र बसा मग बोलू. सर, आधी पोरांच्या डोक्यातनं लिंबूपाणी, कॉफी आणि गार पाण्याची अंघोळ काढा, त्याने काही उतरत नाही. लिव्हरला एका छोट्या पेगला साधारण तासभर लागतो आणि पोटातली दारू झोपल्यावरही रक्तात चढत राहते, म्हणून "झोपलाय, बरा आहे" हे सगळ्यात डेंजर. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ लावा, आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. दहा मिनिटांचं काम आहे, रॅलीपेक्षा कमी वेळ.

कोर्टाची पायरी: तिसऱ्या मजल्यासाठी. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४ए कलम आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात गेला आणि उपचार घेतले तर सेवनाचा किंवा थोड्या मालाचा खटला चालत नाही. विकत असेल तर मात्र हे कलम कामाचं नाही. त्याला जबरदस्तीने केंद्रात उचलून न्यायचे प्रकार करू नका, तो सज्ञान आहे.

जुना होस्टेलाइट: १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, आधी तुम्ही लावा, मग त्याला द्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून यात आहे, त्यांना विचारा. भाषण नको, व्यसनातून सुटलेला माणूस पोरांसमोर बसवा. आणि त्या पोराला "एमडी घेतोस का" म्हणून उलटतपासणी करू नका, "झोप लागत नाही का रे" इथून सुरू करा. आमच्या सरांनी मला तसंच विचारलं होतं.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. रोखठोक साहेब, पोरं पितातच, फोन तेवढा करत नाहीत. प्राचार्यांना आज भेटलो, "लेखी द्या" म्हणाले, म्हणजे अगदी नाही असंही नाही. रविवारी तिसऱ्या मजल्यावर चहा घेऊन जातोय. लिंबू पिळणारा सोमवारी सस्पेन्शन संपवून परत येतोय, कुशीवर कसं वळवायचं ते पहिल्या वर्षाला दाखवशील का म्हणून त्यालाच विचारणार आहे.